पोलाद, उतार आणि मिस्त्री

मराठीत आपण पोलाद म्हणतो, उर्दूत फौलाद. दोन्हींचे मूळ एकच, फारसी ‘पूलाद’. अरबीत ‘प’ नाही, म्हणून तिथे त्याचा ‘फ’ झाला आणि उर्दूने तो अरबी वळणाचा शब्द घेतला. मराठीने मात्र जुना ‘प’ तसाच ठेवला. वर्गात हे सांगितले की मुलांना गंमत वाटते. उर्दूपेक्षा आपला मराठी शब्द फारसीला जवळचा कसा, असे त्यांना होते. आज लिहितो आहे ते या पोलादाच्या एका साध्या उपयोगाबद्दल, सायकलच्या सांगाड्याबद्दल. त्यातही डोंगरावरून खाली उतरायला केलेल्या सायकलच्या सांगाड्याबद्दल, कारण तसा एक माझ्याकडे आहे.

नागपुरात जुन्या सायकली विकणाऱ्या एकाकडून मी नुसती फ्रेम घेतली होती. चाके, हँडल, पुढचा चिमटा, ब्रेक असे एकेक जमवत वर्षभरात सायकल उभी राहिली. फ्रेमचा रंग उडाला होता, पण एका नळीवर ४१३० हा आकडा अजून वाचता येत होता. हे एका पोलादाचे नाव आहे. त्यात थोडे क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते, त्यामुळे साध्या लोखंडी नळीपेक्षा पातळ नळी तेवढाच भार सोसते. तरीही सगळे जमल्यावर सायकल सोळा किलोच्या वर गेली. चढावर ती अक्षरशः ओढावी लागते. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकाने असली सायकल का बाळगावी, हे घरात आणि मोहल्ल्यात बरेचदा विचारून झाले आहे. मी उत्तर देत नाही. पण या सांगाड्यामागचा इतिहास वाचत गेलो तसा तो मला फार ओळखीचा वाटू लागला.

आज आपण जिला सायकल म्हणतो तिचा आकार १८८५ साली इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री शहरात ठरला. जॉन केंप स्टार्ली यांची ‘रोव्हर’ ही दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने फिरवणारी सायकल. पुढच्या काही वर्षांत सांगाड्याला दोन त्रिकोणांचा आकार आला. त्याच सुमारास जर्मनीत मानेसमान बंधूंनी सांधा नसलेली पोलादी नळी काढण्याची रीत शोधली. भरीव कांबीपेक्षा पोकळ नळी त्याच वजनात कितीतरी जास्त ताठ असते. नळ्या जोडायला टोकावर पोलादी टोपी बसवायची आणि फटीत वितळलेले पितळ सोडायचे. पितळ साधारण नऊशे अंशांवर वितळते, पोलादाला पंधराशेच्या आसपास लागतात. म्हणजे नळी न वितळता जोड बसतो, आणि पुन्हा तापवला तर सुटतोही. पुढे जे सांगायचे आहे त्याचा सगळा आधार हा आहे, म्हणून हे आकडे दिले.

आता कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगणा, तिथे टॅमलपाईस नावाचा डोंगर आणि पायथ्याला फेअरफॅक्स गाव. १९७०च्या दशकात तिथली काही तरुण मुले भंगारातून जुन्या सायकली उचलत. तीसच्या दशकातल्या, जाड टायरच्या, श्विन कंपनीच्या ‘एक्सेलसिअर’ सायकलींना विशेष मागणी असे. मूळ हेतू काय, तर पेपर टाकणाऱ्या पोरांनी त्या वापराव्यात. वजन भरपूर, गिअर नाही, आणि ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबले की लागणारा. या सायकली ही मुले डोंगरावर ढकलत न्यायची आणि कच्च्या वाटेने सुसाट खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत घेतली. सुमारे सव्वातीन किलोमीटर अंतर, चारशे मीटरचा उतार. त्या वाटेचे नाव पडले ‘रिपॅक’. एका उतरणीत ब्रेक इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या खेपेआधी हब खोलून पुन्हा ग्रीस भरावे लागे. रिपॅक म्हणजे पुन्हा भरणे. आपल्याकडे याला ऑइलिंग-ग्रीसिंग म्हणतात, आणि पाटी लावून पैसे घेतात.

गॅरी फिशर याने ती वाट चार मिनिटे बावीस सेकंदांत उतरण्याचा विक्रम केला. मला विक्रमापेक्षा त्याची सायकल जास्त भावते. त्याच जुन्या श्विनला त्याने जोडसायकलीचे ब्रेक आणि रेसिंग सायकलचे गिअर बसवले होते. इकडचे काढून तिकडे लावणे, बस. पण चाळीस वर्षांचे जुने सांगाडे असली कुटाई किती सोसणार? ते वाकत, तुटत. मग त्यांच्यातल्याच जो ब्रीझ याने १९७७ मध्ये विमानाच्या कामात वापरतात त्या ४१३० नळ्या आणून खास डोंगरासाठी नवा सांगाडा बांधला. अशा दहा सायकली झाल्या. त्यांतली एक आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली ‘स्टम्पजम्पर’ आली आणि हा प्रकार दुकानात विकला जाऊ लागला. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. पुढे उतारावरच्या शर्यतीत ॲल्युमिनियम आणि कार्बन आले, पोलाद मागे पडले. ते संपले मात्र नाही. छोटे कारागीर अजूनही पोलादात उताराच्या सायकली बांधतात, कारण त्याला मोठा कारखाना लागत नाही. नळ्या, कानस आणि ज्योत एवढ्यावर काम होते.

फेअरफॅक्सला २०१५ पासून सायकलचे संग्रहालय आहे. भंगारातून सायकली उचलणाऱ्या त्या पोरांची नावे तिथे सन्मानाने लावली आहेत.

आपल्याकडे सायकल आली ती इंग्रजांबरोबर. रॅले, हर्क्युलस, हंबर, बीएसए. यातल्या बीएसएचे पूर्ण नाव ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’, म्हणजे बंदुका करणारी कंपनी. बंदुकीची नळी करणाऱ्यांना सायकलची नळी जड नव्हती. स्वातंत्र्याच्या आगेमागे इथे कारखाने निघाले. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो. विदर्भातल्या कुठल्याही गावात दुधाचे कॅन, कापसाचे बोचके आणि तिघांची बिऱ्हाडे वाहून नेली ती या काळ्या, दांड्याच्या सायकलींनी. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लावलेल्या सायकली माझ्या पिढीने पाहिल्या आहेत. बिल्ला नसला की दंड.

हीरो या नावाची कथा आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. मुंजाल बंधू मूळचे कमालियाचे, ते आज पाकिस्तानात आहे. त्यांचा सायकलच्या सुट्या भागांचा धंदा होता. करीम दीन नावाचे एक कारागीर सायकलच्या सीट बनवत आणि त्यांना ‘हीरो’ हे नाव देत. १९४७ मध्ये ते पाकिस्तानला निघाले, तेव्हा मित्र ओमप्रकाश मुंजाल यांनी त्यांना विचारले, हे नाव आम्ही वापरू का? करीम दीन यांनी हो म्हटले. मुंजाल कुटुंबानेच ही हकीकत सांगितली आहे. १९८६ मध्ये हीरोचे नाव जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक कंपनी म्हणून गिनीज बुकात गेले. कोट्यवधी सायकलींच्या पुढच्या नळीवर जे नाव चिकटवले गेले ते गाव सोडून जाणाऱ्या एका मुसलमान सीटवाल्याने दोस्तीखातर दिलेले होते. सायकलवर ते लिहिलेले असायचे कारण नाही, पण कुठेतरी लिहिलेले असावे.

नव्वदच्या दशकात ‘रेंजर’ आली. जाड टायर, सरळ हँडल, आडवा-तिडवा रंग. ते एका मॉडेलचे नाव होते, पण आपल्याकडे जाड टायरची कुठलीही सायकल रेंजरच. मरीनच्या डोंगरातून निघालेली कल्पना अशी हिंगणघाट-आर्वीच्या पोरांपर्यंत पोचली. खरे सांगायचे तर नंतर तिच्या नावाने जे विकले गेले त्यातले बरेचसे टाकाऊ होते. मधोमध एक स्प्रिंग बसवून तिला शॉकअप म्हणायचे. मुलगा पायडल मारतो आणि अर्धा जोर ती स्प्रिंग खाते. नळ्या साध्या लोखंडाच्या, जाड आणि जड. खऱ्या उतारावर त्या सायकली दोन दिवस टिकल्या नसत्या. पण आपला जिल्हा बहुतेक सपाट, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही.

बहुतेक सपाट म्हणालो, सगळा नाही. उत्तरेला आष्टी-कारंजाचा डोंगराळ भाग आहे, तळेगावजवळ घाट आहे. आणि दक्षिणेला समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे, वर शेख फरीद बाबांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे नवस फेडायला येतात, हे जुन्या इंग्रजी गॅझेटिअरांतही नोंदले आहे. त्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. कथा अशी की, बंजारे माल घेऊन चालले होते, त्यांनी बाबांची चेष्टा केली आणि त्यांच्या मालाचे दगड झाले. भूगर्भशास्त्र सांगते की काळ्या बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेल्या झिओलाइट खनिजाचे ते गोळे आहेत. मी दोन्ही गोष्टी मुलांना सांगतो. सायकलवाल्यासाठी तिसरी एक गोष्ट आहे. हे दगड चाकाखाली आले की फिरतात.

फजरनंतर लवकर पोचले तर गर्दी नसते. वर सायकल ढकलत जायचे, फातेहा पढायचा, आणि पायऱ्या, डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या वाटेने उतरायचे. उतरताना सीटवर बसत नाहीत. दोन्ही पायडल आडव्या रेषेत, गुडघे वाकलेले, अंग मागे, एकेक बोट ब्रेकवर. पुढचा ब्रेक जास्त दाबला की आपण हँडलवरून पुढे. मागचाच दाबला तर चाक घसरते. पोलादी सांगाड्याची गंमत इथे कळते. तो किंचित लवतो आणि परत येतो. दगडाचा ठोसा हातापर्यंत पोचतो, पण बोथट होऊन. यात जादू काही नाही. ठरावीक मर्यादेच्या आतला ताण पोलाद कितीही वेळा सोसू शकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, त्यात प्रत्येक धक्का थोडा थोडा साठत जातो. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड आणि ताठ ठेवतात, लवूच देत नाहीत. ॲल्युमिनियम गंजत नाही आणि हलके असते, हेही सांगितले पाहिजे. माझ्या सायकलीला पावसाळ्यात आतून तेल फिरवावे लागते.

मर्यादेबाहेरचा ताण मात्र पोलादालाही तोडतो. दोन वर्षांपूर्वी खालच्या नळीला, पायडलच्या धुऱ्याजवळ, केसाएवढी चीर दिसली. मोठ्या शहरातल्या एका चकचकीत दुकानात दाखवली. तिथला मुलगा सभ्य होता. त्याने हातही न लावता सांगितले, फ्रेम गेली सर, नवी घ्या, कोणी दुरुस्त करत नाही. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या दुकानात भाग बदलतात, जोडत नाहीत.

मग मी आमच्या गावच्या मिस्त्री चाचांकडे गेलो. बसस्टँडमागे टिनाचे छत, पुढे हवा भरायचा पंप, पाण्याची घमेली, आत टांगलेल्या रिमा. पूर्वी तिथे तासावर भाड्याने सायकली मिळत. चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, नख चिरेवरून फिरवले आणि म्हणाले, “फेकने को बोले? लोहा है ना सर, कांच थोडी है.”

काम दीड तास चालले. आधी ज्योतीने रंग जाळला. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली, चीर पुढे सरकू नये म्हणून. मग कानशीने घासून नळी उजळ केली. दुसऱ्या जुन्या सायकलच्या नळीचा तुकडा उभा कापून त्यांनी तो पट्टीसारखा वरून बसवला. त्यावर सुहागा टाकला. मराठीत आपण त्याला टाकणखार म्हणतो. तापल्यावर तो काचेसारखा पसरतो आणि हवा आत जाऊ देत नाही. नळी गडद लाल झाली तशी त्यांनी पितळेची कांडी टेकवली, आणि पितळ पाण्यासारखे पट्टीखाली शिरले. पाणी मारले नाही. “अपने आप ठंडा होने दो,” एवढेच बोलले. मी नंतर वाचले की क्रोमियमच्या या पोलादाला एकदम थंड केले तर ते ठिसूळ होते. हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हे शक्यच नसते. ते सहाशे साठ अंशांना वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजाराला. ते जोडायला आर्गन वायूचे यंत्र लागते, आणि जोडल्यावर पूर्ण फ्रेम भट्टीत घालावी लागते, नाहीतर जोडाजवळ ती कच्ची राहते. बसस्टँडमागे यातले काही नाही.

तो जोड अजून शाबूत आहे. रंग दिला नाही, पितळ पिवळे दिसते.

मिस्त्री हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला. त्याचा अर्थ उस्ताद, गुरू. म्हणजे चाचा आणि मी एकाच पदावर आहोत, फक्त माझ्याकडे बीएडची पदवी आहे. ते चौथीनंतर शाळेत गेले नाहीत. दहाव्या वर्षी उस्तादांकडे बसवले. पहिले वर्षभर रॉकेलमध्ये छर्रे धुणे, एवढेच काम. दुसऱ्या वर्षी पंक्चर. चाकाचा आऊट काढायला मिळाला तो चौथ्या वर्षी. यात गोड काही नाही. पगार नव्हता, मार होता, आणि ज्या वयात मी मुलांना कविता शिकवतो त्या वयात त्यांचे हात ग्रीसमध्ये होते. मी कुठल्याही मुलाला शाळा सोडून तिकडे पाठवणार नाही.

पण बीएडला आम्ही काय शिकलो? नई तालीम. पाच मार्कांची टीप. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसैन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्यात ख्वाजा गुलामुस्सय्यदैन होते, विनोबा होते, काका कालेलकर होते, कुमारप्पा होते. हातातल्या कामातून भाषा, गणित, विज्ञान शिकवावे, हा तिचा गाभा. दोन मुसलमान शिक्षणतज्ज्ञांचे नाव त्या योजनेशी बांधले गेले आहे, आणि ही योजना मुसलमानांना परकी वाटावी असे राजकारणही तेव्हा झाले. मुस्लिम लीगने तिला कडवा विरोध केला. कताई-विणकाम, सुतारकाम, शेती ही नावे आम्ही पाठ केली. गावातला धातूचे काम करणारा माणूस, ज्याच्याकडे उष्णता, ताण, कोन, वर्तुळ असा सगळा अभ्यासक्रम रोज हाताखालून जातो, तो शाळेत कधी आला नाही. त्याच्याकडच्या शागिर्दाला गणित मिळाले नाही आणि आमच्या विद्यार्थ्याला हात मिळाला नाही.

गांधीजींना यंत्र नको होते असे सर्रास म्हणतात. १९२४ मध्ये त्यांनी शिवणयंत्राचा, सिंगर मशीनचा, स्वतःहून अपवाद केला होता. माणसाला कष्टातून सोडवणारे आणि त्याच्या ताब्यात राहणारे यंत्र त्यांना चालत होते. १९३४ पासून वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांनी ग्रामोद्योग संघ चालवला, तेव्हाही प्रश्न हाच होता की साधन कोणाच्या हातात राहते. पोलादी सायकल कारखान्यात बनते, पण बनल्यावर ती गावाच्या हातात येते. तिथला माणूस ती उघडू शकतो, वाकवू शकतो, जोडू शकतो. माझ्या शाळेतल्या एका मुलाकडे नवी ॲल्युमिनियमची सायकल आहे, हलकी आणि सुंदर. तिचा मागचा सांधा तुटला तेव्हा ती भंगारात किलोवर गेली.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत आला. आपल्या समाजातले कामगार कुठे एकवटले आहेत, त्यात वाहन दुरुस्ती आणि धातूच्या घडणीव वस्तू ही नावे आहेत. अहवाल हे मागासलेपणाची खूण म्हणून नोंदवतो आणि ते खरेच आहे. या कामात सुट्टी नाही, विमा नाही, निवृत्तिवेतन नाही. फक्त आपण स्वतःही ते तसेच वाचत आलो आहोत. लग्नाच्या बोलाचालीत मुलगा ‘पंक्चरवाला’ आहे म्हणून नकार येतो. समाजमाध्यमांवर हाच शब्द आपल्याला शिवी म्हणून फेकला जातो, आणि आपली शिकलेली मंडळी चिडून सांगतात की आमच्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत. आहेतच. पण ज्याने चिरेच्या टोकाला भोक पाडायचे ठरवले तोही इंजिनिअरच होता, एवढे म्हणायला आपल्याला लाज वाटते.

चाचांना आता शागिर्द नाही. मुलगा मोबाइलचे कव्हर विकतो, त्याचे बरे चालले आहे, आणि त्याने या धंद्यात यावे असे चाचांनाही वाटत नाही. गॅसची टाकी महाग पडते म्हणून जोडकाम आठवड्यातून एकदाच काढतात.

गेल्या हिवाळ्यापासून मी सातवीच्या मुलांना घेऊन त्यांच्याकडे जातो, चार-पाच जण एका वेळी. सायकलच्या प्रत्येक भागाचे नाव लिहायचे. एका रकान्यात मराठी, दुसऱ्यात उर्दू, तिसऱ्यात दुकानात जे म्हणतात ते. आरे, तीली, स्पोक. चिमटा दोन्हीकडे चिमटाच. आतापर्यंत त्र्याहत्तर शब्द झाले. दुकानाचा रकाना सगळ्यांत भरलेला आहे, आणि त्यात इंग्रजी, हिंदी, वऱ्हाडी सगळे मिसळले आहे. परवा एका मुलीने विचारले, “चाचा, ‘आऊट निकालना’ को उर्दू में क्या बोलते?” चाचांनी चाक फिरवले, आऱ्यांवर चावी लावली, अर्धा फेरा दिला आणि पुन्हा फिरवले. मग म्हणाले, “सीधा करना, और क्या. लिख ले.” तिने लिहिले. नंतर चावी मागितली. त्यांनी थोडा विचार करून दिली.